ओढणीआड दुखणं झाकू नका

आयाबहिणींनो, मुलींनो आणि त्यांच्या घरच्या सगळ्यांनो,

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान धरली, पाठ भरून आली, खांदे ओढतात, बोटांना मुंग्या येतात, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांवर उपचार करणं हे माझं रोजचं काम. यांतल्या कितीतरी जणींच्या दुखण्याचं मूळ फार मोठ्या, जड स्तनांच्या ओझ्यात असतं. त्यांना स्वतःला ते ठाऊकही असतं. पण आईला सांगायचा संकोच, नवऱ्याशी बोलायची चोरी, आणि दवाखान्यात डॉक्टर पुरुष असले की 'मान दुखते' एवढंच सांगून गोळ्या घ्यायच्या आणि घरी यायचं. अशी दहा-पंधरा वर्षं सहज निघून जातात.

म्हणून हे जाहीर आवाहन. स्तन फार जड असल्यामुळे त्रास होत असेल, तर तो अंगावर काढू नका. हा त्रास खरा आहे, डॉक्टरला तपासून सांगता येतो, आणि स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया हा त्यावरचा जगभर रुळलेला उपचार आहे. मात्र हे मोठं ऑपरेशन आहे. व्रण कायमचे राहतात, धोकेही आहेत. म्हणून लाजेपोटी त्याकडे पाठ फिरवू नका आणि जाहिरात बघून घाईने टेबलावर झोपूही नका. सगळं समजून घ्या, योग्य डॉक्टरला दाखवा आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

हे दुखणं कसं असतं

तपासताना ब्लाऊज उतरवला की आधी खांदे दिसतात. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढी खोल खाच पाडलेली असते, तिथली कातडी काळवंडलेली असते. पट्टा रुतू नये म्हणून काहींनी त्याखाली जुन्या साडीच्या तुकड्याची घडी ठेवलेली असते. स्तनाखालच्या घडीत पावडरचा ओला लगदा झालेला असतो आणि तो पुसला की खाली लाल, सोलवटलेली, आंबूस वास येणारी कातडी. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिथे बुरशी होते. बाई मेडिकलमधून विचारून एखादं मलम आणते. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी जास्त पसरते आणि साध्या औषधाला दाद देईनाशी होते.

दोन्ही बाजूंचं मिळून तीन-चार किलो वजन छातीवर असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नवजात बाळाएवढं ओझं गळ्यात बांधून दिवसभर स्वयंपाक करा, शेतात खुरपणी करा, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करा, म्हणजे काय होतं ते कळेल. शरीराचा तोल पुढे जातो, तो सावरायला पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात, खांदे पुढे झुकतात, मान पुढे येते. बाई पोक काढून चालू लागते. थोडं वजनामुळे आणि थोडं लोकांच्या नजरा चुकवण्यासाठी. खांद्यावरच्या ओढीने नसांवर ताण येऊन हातांना मुंग्या येतात. डोकं दुखतं. पालथं झोपता येत नाही, उताणं झोपलं की छाती दडपते.

मुलींचं नुकसान वेगळंच आहे. माझ्याकडे आलेली एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. ती दोन ब्रा एकावर एक घालून, वरून क्रेप बँडेज आवळून मैदानावर जायची. बरगड्या दुखायला लागल्या म्हणून दाखवायला आली. म्हणाली, "मॅडम, पाय पळतात, पण छाती पळू देत नाही." पुढचं वाक्य तिने खाली बघत सांगितलं. मैदानाच्या कडेला पोरं बसतात म्हणून तिने पहाटेचा सराव बंद केला होता. नोकरीचं स्वप्न सोडायचं की नजरा सोसायच्या, असं तिच्यापुढे कोडं होतं. उपचाराचा पर्याय असतो हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप हिने २००९ मध्ये, सतराव्या वर्षी ही शस्त्रक्रिया करून घेतली. पाठ दुखते, खेळताना अडचण होते, हे तिने उघडपणे सांगितलं. पुढे ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली, २०१८ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन जिंकली. ऑपरेशनने कोणी विजेती होत नाही, त्यामागे तिची मेहनत होती. पण वाटेतला धोंडा बाजूला करायला तिला लाज वाटली नाही, एवढं आपल्या मुलींना कळलं तरी पुष्कळ.

"वजन कमी कर, व्यायाम कर" एवढ्याने भागतं का?

स्तनांमध्ये चरबी असते आणि दूध तयार करणाऱ्या ग्रंथीही असतात. कोणात काय जास्त, हे प्रत्येकीचं वेगळं. चरबीचा भाग जास्त असेल तर वजन उतरल्यावर स्तन थोडे कमी होतात. ग्रंथींचा भाग जास्त असेल, विशेषतः वयात येताना झपाट्याने वाढ झालेल्या मुलींमध्ये, वजन उतरूनही फारसा फरक पडत नाही. काही बारीक अंगाच्या मुलींचे स्तनही फार जड असतात. त्यांना 'जाडी कमी कर' हा सल्ला देणं म्हणजे दुखण्याची चेष्टा आहे.

व्यायाम हा माझाच विषय, म्हणून स्पष्ट सांगते. पाठीचे आणि खांद्यांचे व्यायाम, नीट मापाची रुंद पट्ट्यांची ब्रा, शेक, बसण्या-उठण्याच्या सवयी यांनी आराम पडतो. ते जरूर करा. पण ओझं होतं तिथेच राहतं, म्हणून बहुतेकींचं दुखणं परत येतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा बायकांची पाहणी झाली. वजन घटवणं, फिजिओथेरपी, खास ब्रा, औषधं यांनी कायमचा आराम मिळत नाही आणि शस्त्रक्रियेने लक्षणांत मोठा फरक पडतो, असं त्यात दिसून आलं.

आणि एक सावधगिरी. एकाच बाजूचा स्तन अचानक वाढला असेल, गाठ लागत असेल, बोंडातून रक्त किंवा पाणी येत असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली असेल किंवा बोंड आत ओढलं गेलं असेल, तर आकाराचा विचार बाजूला ठेवा आणि आधी सर्जनकडे जाऊन तपासणी करून घ्या. यात एक आठवडाही दवडू नका.

मलमं, तेलं आणि 'गॅरंटी'

मोबाईलवर रोज जाहिराती फिरतात. पंधरा दिवसांत छाती कमी करणारं तेल, क्रीम, चूर्ण, पट्टा. चोळून, पिऊन किंवा आवळून जड स्तन लहान होत नाहीत. अशा जाहिराती करणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. औषधी आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ या कायद्याच्या परिशिष्टात जे विषय दिलेले आहेत, त्यांत स्तनांचा आकार आणि ठेवण यांचाही समावेश आहे. अशी जाहिरात दिसली तर पैसे पाठवू नका, तिचा स्क्रीनशॉट काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तुमच्या एका तक्रारीने दहा मुली वाचतील.

कोणाकडे जायचं

हे ऑपरेशन प्लास्टिक सर्जनचं आहे. एमबीबीएस, त्यानंतर एमएस जनरल सर्जरी आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी घेतलेला डॉक्टर शोधा. नावापुढे 'कॉस्मेटिक एक्स्पर्ट' लिहिलेलं पुरेसं नाही. राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, त्या नोंदणीत प्लास्टिक सर्जरीची पदवी दिसते का, हे तपासा. ऑपरेशन पूर्ण सोयीच्या रुग्णालयात होणार आहे ना, भूल द्यायला भूलतज्ज्ञ असणार ना, हे विचारा. पार्लरला जोडलेल्या खोलीत किंवा ब्युटी क्लिनिकच्या खुर्चीवर हे ऑपरेशन कोणी करतो म्हणाला, तर तिथून उठून या.

खासगी रुग्णालयात खर्च लाखाच्या घरात जातो. तेवढे पैसे नाहीत म्हणून आशा सोडू नका. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जेजे, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज अशा सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे ओपीडीचा दिवस विचारा, केसपेपर काढा. गर्दी असेल, तारीख लांबची मिळेल, चार चकरा पडतील. तरी जा. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटलात तर मदतनिधीबद्दलही माहिती मिळते.

विम्याबद्दलही जागरूक राहा. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, आणि त्या एका ओळीवर बायकांचे दावे फेटाळले जातात. पण त्याच कलमात अपवादही असतो. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, तसंच प्रकृतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार या वगळणुकीतून बाहेर ठेवलेला आहे. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित करावी लागते. म्हणून मानदुखीचे जुने कागद, फिजिओथेरपीच्या नोंदी, त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि ऑपरेशनच्या आधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मंजुरी मिळेलच असं नाही. पण नकार मिळाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, आणि तक्रारीला फी लागत नाही.

पहिल्या भेटीत काय होईल

सगळ्यात जास्त भीती याच दिवसाची असते, म्हणून नीट सांगते. डॉक्टर आधी त्रास विचारतील. तेव्हा आडवळणाने बोलू नका. कुठे दुखतं, किती वर्षं, कोणती कामं होत नाहीत, पुरळ कधी येतं, मुलं किती, अजून मूल हवं आहे का, घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, सगळं सांगा. आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या.

मग तपासणी होते. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत स्त्री सहायक असणं हा तुमचा हक्क आहे. सोबत आई, बहीण, मैत्रीण कोणालाही आत न्या. टेपने मापं घेतात. गळ्याच्या खळीपासून बोंडापर्यंतचं अंतर सर्वसाधारणपणे २० ते २२ सेंटिमीटरच्या आसपास असतं, जड स्तनांमध्ये ते ३० किंवा त्याहून जास्त भरतं. नोंदीसाठी मानेखालचे फोटो काढतात. ते कुठे ठेवले जातील ते विचारा, आणि जाहिरातीसाठी किंवा समाजमाध्यमांवर ते वापरायला परवानगी द्यायची नसेल तर फॉर्मवर तसं स्पष्ट लिहा. तिथे गप्प बसू नका.

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. संमतीपत्र मराठीत मागा. इंग्रजी कागदावर न वाचता सही करू नका. मनासारखं उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. त्यात कोणाचा अपमान नाही.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात

ऑपरेशनच्या आधी तुम्हाला उभं किंवा ताठ बसवून छातीवर पेनाने खुणा करतात. झोपल्यावर स्तनांचा आकार बदलतो, म्हणून हे आरेखन आधीच करावं लागतं. नवीन बोंड कुठे येणार, कुठली कातडी काढायची, हे सगळं त्या रेषांवर ठरतं. या वेळी तुम्ही जाग्या असता. आकाराबद्दल शेवटचं काही सांगायचं असेल तर तेव्हाही सांगा.

पूर्ण भूल देतात. ऑपरेशनला साधारण दोन ते चार तास लागतात. जास्तीची चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात. एकेका बाजूने अर्धा किलो ते एक किलो, कधी त्याहून जास्त. बोंड पूर्ण कापून वेगळं न करता त्याखालची ऊती, रक्तवाहिन्या आणि दुधाच्या नलिका शक्य तेवढ्या जोडलेल्या ठेवून ते वर सरकवतात. काढलेला भाग पॅथॉलॉजीत तपासायला पाठवतात. तो रिपोर्ट आठवणीने मागून घ्या.

व्रण कुठे येतील? काळ्या गोलाभोवती एक, तिथून खाली उभा एक, आणि फार मोठ्या स्तनांमध्ये खालच्या घडीत आडवा एक. ब्लाऊज किंवा ब्रामध्ये ते झाकले जातात. सुरुवातीला लाल आणि जाड असतात, वर्ष-दीड वर्षात फिके पडतात, पण पूर्ण पुसले जात नाहीत. आपल्याकडच्या सावळ्या कातडीला छातीवर जाड, खाजरे व्रण येण्याची प्रवृत्ती असते. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर तुम्हाला गाठीसारखा व्रण आला असेल तर ते डॉक्टरला आधीच सांगा.

घरात विचारले जाणारे प्रश्न, सरळ उत्तरं

बाळाला दूध पाजता येईल का? काही जणींना येतं, काहींना थोडंच येतं आणि वरच्या दुधाची जोड द्यावी लागते, काहींना येत नाही. आधी कोणीच खात्री देऊ शकत नाही. अगदी प्रचंड स्तनांमध्ये बोंड काढून पुन्हा कलम करून बसवावं लागतं. मग मात्र दूध पाजता येत नाही आणि तिथली संवेदनाही बहुधा जाते. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असेल तर थांबण्याचा विचार करा, कारण गरोदरपणात स्तन पुन्हा वाढू शकतात. अंगावर पाजणं चालू असेल तर ते बंद केल्यावर काही महिने जाऊ द्यावे लागतात.

संवेदना जाईल का? काही महिने बधिरपणा राहू शकतो. बहुतेकींची संवेदना हळूहळू परत येते, काहींची कमी राहते, क्वचित पूर्ण जाते.

कॅन्सर होईल का? या ऑपरेशनने कॅन्सरचा धोका वाढत नाही. मात्र पुढेही नियमित तपासणी करत राहायची. मॅमोग्राफी करणाऱ्यांना हे ऑपरेशन झालं आहे हे दरवेळी सांगायचं, कारण आतल्या व्रणांच्या खुणा फोटोत दिसतात.

किती वयात करावं? साधारणपणे वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे अठरा वर्षांनंतर आणि आकार काही काळ स्थिर राहिल्यावर. फारच त्रास असेल तर तज्ज्ञ त्याआधीही निर्णय घेतात, पण पुढे पुन्हा वाढ होण्याची शक्यता सांगून.

पुन्हा वाढतील का? वजन वाढलं, बाळंतपण झालं, वय झालं तर आकार बदलू शकतो, थोडे ओघळूही शकतात. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतील अशी अपेक्षा ठेवू नका.

मुलीचं लग्न कसं जमेल? आईबापांनो, रोज दुखण्यात असलेली, पोक काढून चालणारी, घराबाहेर पडायला कचरणारी मुलगी तुम्हाला चालते आणि ब्लाऊजखालचा व्रण चालत नाही, हा हिशेब तुम्हीच पुन्हा मांडून बघा. निर्णय तिचा आहे. तिच्यावर ऑपरेशन लादू नका आणि तिला अडवूही नका.

धोके लपवू नका, लपवू देऊ नका

सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे जखम भरायला वेळ लागणं, विशेषतः उभा आणि आडवा टाका जिथे मिळतो त्या जागी. ड्रेसिंग करत राहिलं की ती बहुधा भरते. आत रक्त साठणं, जंतुसंसर्ग, चरबीची कडक गाठ होणं हेही होऊ शकतं. क्वचित बोंडाचा रक्तपुरवठा तुटून ते काळं पडतं, भाग गमवावा लागतो. पायाच्या शिरेत गुठळी होणं आणि भुलेचे धोके कोणत्याही मोठ्या ऑपरेशनमध्ये असतातच. 'काहीच होत नाही, उद्या ऑफिसला जाल' असं सांगणाऱ्याकडे ऑपरेशन करू नका.

यातले बरेच धोके आधीच्या तयारीने कमी होतात. तंबाखू पूर्ण बंद. सिगारेट ओढणाऱ्यांपुरतं हे नाही. आपल्याकडे असंख्य बायका मिश्री लावतात, तोंडात तंबाखूची चिमूट धरतात आणि डॉक्टरने विचारलं की 'मला कसलं व्यसन नाही' म्हणतात. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सरकवलेल्या बोंडाला, टाक्यांच्या कडांना रक्त पोहोचत नाही. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे मिश्रीला हात लावू नका, आणि लावत असाल तर खरं सांगा. साखर असेल तर आटोक्यात आणा. वजन फार असेल तर आधी शक्य तेवढं उतरवून स्थिर करा, जखम चांगली भरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, काढे, चूर्णं, जे काही घेत असाल त्याची यादी डॉक्टरपुढे ठेवा. मनाने काही सुरू नको, मनाने बंदही नको.

पहिले सहा आठवडे: घरच्यांनो, हे तुमच्यासाठी

एक-दोन दिवसांत बहुधा घरी सोडतात. जखमेतलं पाणी काढायला नळ्या बसवल्या असतील तर त्या काही दिवसांत काढतात. सूज, काळंनिळं पडणं, ताण, दुखणं पहिल्या आठवड्यात जास्त असतं. आधार देणारी खास ब्रा रात्रंदिवस घालावी लागते, साधारण चार ते सहा आठवडे. झोपायचं उताणं, पाठीशी उशा देऊन. घालायला पुढून उघडणारे गाऊन किंवा शर्ट आधीच काढून ठेवा, कारण हात वर करून कपडा घालता येत नाही.

टेबलावरचं हलकं काम एक-दोन आठवड्यांत जमतं. पण भरलेला कुकर उचलणं, कणीक तिंबणं, पाण्याची बादली, माळ्यावरचा डबा, लहान मूल कडेवर घेणं, स्कूटर चालवणं, धुणं पिळणं हे चार ते सहा आठवडे बंद, डॉक्टरने सांगेपर्यंत. पहिले दिवस वेणीसुद्धा दुसऱ्याने घालून द्यावी लागते. नवऱ्यांनो, सासूबाई, सासरेबुवा, हे दीड महिन्याचं काम तुम्ही वाटून घ्या. 'टाके सुकले ना, मग आता काय झालंय?' हे वाक्य घरात उच्चारू नका. घाईने ओझं उचललं तर टाका उसवतो आणि बरं होणं महिनाभर लांबतं. थोडं चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. खांद्याचे हलके व्यायाम कधी सुरू करायचे ते डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारा. इतकी वर्षं पुढे झुकलेले खांदे आपोआप सरळ होत नाहीत, त्यांना शिकवावं लागतं.

एक बाजू एकाएकी फुगून ताठ झाली, ताप आला, पू किंवा वास आला, बोंड काळंनिळं दिसू लागलं, पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

मनाचंही सांगते. काहींना पहिल्याच दिवशी खांदे हलके झाल्यासारखे वाटतात. काहींना आरशात बघून रडू येतं, आपलं अंग परकं वाटतं. दोन्ही स्वाभाविक आहे. सूज उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागतं. तोवर धीर धरा.

प्रत्येकाकडे एक मागणं

आयांनो, मुलगी ओढणी दोनदा गुंडाळून घेत असेल, खेळ सोडत असेल, पाठ दुखते म्हणत असेल, तर 'नीट उभी राहा' म्हणून ओरडू नका. दार लावून शांतपणे विचारा.

शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनो, भरती अकादमी चालवणाऱ्यांनो, मैदानावर शेरेबाजी करणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा. मुलींना नीट मापाच्या स्पोर्ट्स ब्राबद्दल सांगायला एखाद्या ताईंना बोलवा. खेळ सोडणाऱ्या प्रत्येक मुलीमागे आळस नसतो.

फॅमिली डॉक्टरांनो, बाई मानदुखी घेऊन आली की एकदा तिचे खांदे बघा. खाच दिसली तर स्त्री सहायकाला बोलावून आदराने पुढचा प्रश्न विचारा. कॉलर आणि गोळ्यांची तिसरी चिठ्ठी लिहिण्याआधी प्लास्टिक सर्जनच्या नावाने एक चिठ्ठी लिहा.

विमा कंपन्यांनो आणि सरकार चालवणाऱ्यांनो, नटण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि दुखण्यावरची शस्त्रक्रिया यांत फरक करा. मान, पाठ आणि कातडीचे पुरावे समोर असताना कागदावरच्या एका शब्दासाठी बाईला परत पाठवू नका. जिल्हा रुग्णालयांतून मोठ्या रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागाकडे चिठ्ठी देण्याची सोय साध्या बाईलाही कळेल अशी करा.

आणि बाई, मुली, शेवटचं मागणं तुझ्याकडे आहे. हे वाचून कागद घडी करून ठेवू नकोस. आज रात्री एका कोऱ्या पानावर लिही: काय दुखतं, कधीपासून, कोणतं काम सुटलं. विश्वासाच्या एका माणसाला ते पान वाचून दाखव. याच आठवड्यात जवळच्या मोठ्या रुग्णालयात फोन करून प्लास्टिक सर्जरीची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचार. तपासणीनंतर ऑपरेशन नको असं ठरलं तरी चालेल. व्यायामाने, नीट मापाच्या ब्राने, पुरळावरच्या योग्य औषधाने भागत असेल तर उत्तमच. पण तो निर्णय माहिती घेऊन तू स्वतः घ्यायचा आहेस. केसपेपरवर 'मान दुखते' एवढंच लिहू देऊ नकोस. खरं कारण सांग, आणि त्यावर उपचार माग.